हिरडीवरची एवढी मोठी गाठ साधी असू शकते का?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझ्या मावशीला (वय ४६) वरच्या हिरडीवर गाठ आहे. चार वर्षांपूर्वी पुढच्या दोन दातांच्या फटीत बारीक दाणा आला होता म्हणे. दुखत नव्हता, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. मग तो वाढत गेला आणि ती हसताना तोंडावर हात धरायला लागली. आम्हाला वाटायचं, लाजते. मागच्या आठवड्यात तिच्या दोन्ही हातांत सामान होतं, कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती खळखळून हसली. हात मोकळा नव्हता, म्हणून मला दिसलं.

अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी आहे. ओठ पुरता मिटत नाही. पुढचे दोन दात एकमेकांपासून लांब सरकलेत. रंग हिरडीसारखाच, फक्त खालच्या अंगाला पांढरट-पिवळा चट्टा. दंतवैद्यांनी मापून ३८ मिलिमीटर सांगितलं, एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, "साधी वाटते, पण काढून तपासल्याशिवाय शब्द देणार नाही."

माझे प्रश्न: एवढी मोठी गाठ साधी असू शकते का? नुसतं बघून काही कळतं का? आणि काढल्यावर परत येते का? मावशी रात्रभर झोपत नाहीये आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

आगाऊ_कार्टं
ताई, धागा 'कविता' विभागात पडलाय. हिरडीवर गझल असेल म्हणून उघडला. संपादक मंडळ, हलवा कुणीतरी.

मावशींना लवकर बरं वाटो, हे मनापासून.

उंटावरचा शहाणा
घाबरवायचं नाहीये, पण चार वर्षं वाढतेय म्हणजे लक्षण ठीक नाही. आमच्या ओळखीत एकाला अशीच गाठ होती, कॅन्सर निघाला. शिवाय सुरी लावली की पसरतो असं ऐकलंय. मी तरी हात लावू दिला नसता.

दंतकथा
उंटावरून जरा खाली उतरा साहेब. 'सुरी लावली की पसरतो' या एका वाक्यापायी कित्येक माणसं वेळेवर तपासणी करून घेत नाहीत.

मी दंतवैद्य आहे, हिरड्यांचंच काम करते. तोंड न बघता निदान करणार नाही, ते मावशींच्या डॉक्टर करतील. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. हिरडीवर एकाच जागी वाढणाऱ्या बहुतेक गाठी खऱ्या अर्थाने ट्यूमर नसतातच. दाताला चिकटलेलं कीट, कडा टोचणारं फिलिंग, नीट न बसलेली कॅप, असलं काहीतरी हिरडीला रोज डिवचत राहतं. जखम भरून काढायला शरीर मांस तयार करतं आणि कारण हटत नाही तोवर करतच राहतं. या सगळ्या गाठींना मिळून एप्युलिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ नुसता 'हिरडीवरचं'. म्हणजे केसपेपरवर एप्युलिस लिहिलेलं दिसलं तर गाठ कुठे आहे एवढंच कळलं, ती काय आहे ते नाही.

बहुतेक एप्युलिस २ सेंटीमीटरच्या आतच काढल्या जातात, कारण माणूस त्याआधी आमच्याकडे येतो. ज्या दुखत नाहीत आणि ज्या लपवता येतात, त्या मोठ्या होतात. चार वर्षांत ३८ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक मिलिमीटरसुद्धा नाही. ही संथ चाल मला धीर देणारी वाटते. घातक गाठ बहुधा आठवड्यांच्या हिशेबात वाढते.

बघून थोडाफार अंदाज येतो. लालभडक, मऊ, ब्रश लागला तरी भळाभळा रक्त, असं असेल तर पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. जांभळट-निळसर झाक असेल तर पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमाची शंका, आणि त्याच्या खालचं हाड कधीकधी बशीसारखं झिजलेलं दिसतं. फिकट, टणक, दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातून निघालेली असेल तर साधा फायब्रोमा (तंतुमय मांसाची गाठ) किंवा पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे जिच्या आत हाडाचे कण तयार होतात ती. पण यावर पैज लावू नका. जुना झालेला लाल ग्रॅन्युलोमासुद्धा हळूहळू फिकट आणि कडक होत जातो. मी स्वतः 'हा फायब्रोमाच' म्हणून पाठवलेला नमुना जायंट सेल निघालाय.

तो पांढरट चट्टा बहुतेक खालच्या दातांचा मार आहे. तोंड मिटलं की दात तिथेच टेकत असणार. मोठ्या गाठींवर असा घाव जवळजवळ ठरलेलाच, आणि नेमका तोच बघून घरचे हादरतात.

अर्धविराम
दंतकथाताई, खूप खूप आभार. खालचे दात तिथेच टेकतात, आत्ता मावशीला आरशासमोर उभं करून बघितलं. एक विचारू? दात सरकलेत म्हणजे हाडात शिरली असं नाही ना?

दंतकथा
तेवढ्यावरून नाही. सतत दाबत राहिलं की दात सरकतोच, तारा लावून आम्ही मुद्दाम तेच तर करतो. एक्स-रेमध्ये हाडाची कड स्वच्छ दिसतेय की उंदराने कुरतडल्यासारखी, हे डॉक्टरांनी बघितलंच असेल. कुरतडलेली दिसणं, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, हिरड्यांचा आजार नसताना दात हलायला लागणं, मानेत कडक गाठी लागणं, घावाची कड दगडासारखी असणं, यातलं काही असतं तर त्या बाईंनी 'साधी वाटते' हे शब्द तोंडातून काढले नसते.

बोळकं
माझं वय ७८. वरची कवळी १५ वर्षांची आहे. ओठ उचलला की आत हिरडीजवळ पाळीसारख्या मांसाच्या दोन घड्या लागतात आणि कवळीची कड बरोबर त्या दोघींच्या मधे बसते. आजवर मला वाटायचं कवळी पक्की बसावी म्हणून निसर्गाने केलेली सोय आहे. आता हा धागा वाचून झोप उडाली.

दंतकथा
बोळकंकाका, तुम्ही केलेलं वर्णन पाठ्यपुस्तकात छापावं इतकं अचूक आहे :) त्याला एप्युलिस फिशुराटम म्हणतात. तोंडातलं हाड वर्षानुवर्षं झिजतं, कवळी तेवढीच राहते, मग सैल कवळीची कड रुतून अशा घड्या पडतात. साधंच प्रकरण, पण १५ वर्षांची कवळी म्हणजे फार झालं. दाखवून घ्या, आणि रात्री कवळी काढून झोपत जा.

बोळकं
काढतोच. वाटीत ठेवतो. नातू तिला घाबरतो.

निवांत
विषय निघालाच आहे तर. मी रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेतो, दोन वर्षं झाली. पुढच्या सगळ्याच दातांमधली हिरडी फुगल्यासारखी झालीये, एकच गाठ अशी नाही. नेटवर वाचलं की गोळीमुळे होतं. म्हणून गेले दहा दिवस गोळी बंद केलीये. बरोबर केलं ना?

चिंधी
निवांत, नाही!!! हिरडी फुगली तर कापता येते, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली तर काय करणार आहात?

दंतकथा
चिंधीला १०० टक्के अनुमोदन. निवांत, आधी रक्तदाब मोजा आणि ज्यांनी गोळी दिली त्यांना आजच फोन करा. शक्य असेल तर ते दुसऱ्या जातीची गोळी देतील, तो निर्णय त्यांचा.

हो, गोळ्यांनी हिरडी वाढते हे खरं आहे. अपस्मारावरचं फेनिटॉइन १९३८ मध्ये वापरात आलं आणि १९३९ मध्येच हिरड्या वाढल्याची नोंद झाली. फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना कमीजास्त त्रास होतो. अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबाचं निफेडिपिन हे त्याचे भाऊबंद. अम्लोडिपिनने त्या मानाने कमी. पण एक गंमत आहे: तीच गोळी घेणाऱ्या दोघांपैकी ज्याचे दात घाणेरडे, त्याची हिरडी जास्त वाढते. तेव्हा स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीट खरवडून घेणं, करून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

आणि सगळीच हिरडी थोड्या आठवड्यांत अचानक सुजली, रक्त येतंय, ताप-थकवा आहे, असं असेल तर दाताआधी साधी रक्ततपासणी. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात पहिली हाक हिरडी देते.

खिडकीजवळची सीट
माझा अनुभव. पाचव्या महिन्यात वरच्या सुळ्याजवळ लाल बोंड आलं, बघता बघता गोटीएवढं. ब्रश लागला की बेसिन लाल. डॉक्टर म्हणाल्या गरोदरपणात होतं, बाळंतपणानंतर बघू. बाळ झाल्यावर दोन महिन्यांत आपोआप सुकून इवलंसं उरलं, ते मग काढलं. नाव इतकं भयंकर होतं की मी नाव ऐकूनच रडले होते. 'प्रेग्नन्सी ट्यूमर'! बाळंतिणीपुढे कुणी ट्यूमर म्हणतं का?

काचपट्टी
नावांच्या बाबतीत आमचं खातं बदनामच आहे. (मी पॅथॉलॉजिस्ट. कापलेला तुकडा शेवटी माझ्याच टेबलावर येतो.) तुमचं ते बोंड म्हणजे पायोजेनिक ग्रॅन्युलोमाच. पायोजेनिक म्हणजे पू करणारा. त्यात पू नसतो. ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचा एका विशिष्ट तऱ्हेचा पुंजका, तोही नसतो. असतो तो बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. १८९७ मध्ये फ्रान्सच्या पोंसे आणि दोर यांनी पहिल्यांदा वर्णन केलं तेव्हा त्यांना ती एक प्रकारची बुरशी वाटली. १९०४ मध्ये हार्टझेलनी आत्ताचं नाव रूढ केलं. तेही चुकलं, पण चिकटलं ते चिकटलंच.

आगाऊ_कार्टं
म्हणजे आमच्या वर्गातल्या 'शांताराम'सारखं. शांतही नव्हता आणि रामही.

गोगलगाय
लहान तोंडी मोठा घास, पण 'गाठ' हा शब्दच घात करतो. दोरीची गाठ, लग्नाची गाठ, सगळीकडे चालतो, डॉक्टरच्या तोंडून आला की पायाखालची जमीन सरकते. आमच्या घरी म्हणायचे 'हिरडीवर मांस आलंय'. ऐकायला ओंगळ, पण त्यात मरणाची भीती नव्हती.

उंटावरचा शहाणा
आणि म्हणूनच लोक चार वर्षं दाखवत नसतील. भीती वाटली असती तर गेले असते.

गोगलगाय
हं. हा मुद्दा मान्य करावा लागेल, तुमच्याकडून आलेला असला तरी.

चिंधी
'मांस आलंय' वरून आठवलं. माझ्या काकांना खालच्या दाढेजवळ देठ असलेली गाठ होती, लोंबायची. कुणीतरी सांगितलं देठाला दोरा आवळून बांध, सुकून गळते. त्यांनी रात्री आरशासमोर, एका हातात टॉर्च धरून बांधला. पहाटे उशी रक्ताने भिजलेली. गाठ अर्धी तुटली होती, दोरा आत रुतला होता. तुटलेला अर्धा भाग त्यांनी बेसिनमध्ये टाकून दिला. डॉक्टर दोऱ्याबद्दल काही बोलले नाहीत, पण तुकडा फेकला म्हणून प्रचंड चिडले.

काचपट्टी
चिडणारच. देठ असणं हे बहुतेक वेळा साध्या गाठीचं लक्षण, तरी तुकडा बघितल्याशिवाय सही कशी करणार? फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड इथला कर्करोग क्वचित तोंडात उतरतो, आणि तोंडाच्या मऊ भागात उतरला तर सगळ्यात जास्त वेळा हिरडीवरच. दिसायला हुबेहूब साधा ग्रॅन्युलोमा. दुर्मीळ आहे, म्हणून कुणी घाबरू नये; पण काढलेली प्रत्येक गाठ तपासायची ती या एकासाठी.

अर्धविराम, एक व्यवहाराची गोष्ट. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच (तुकडा टिकवणारं द्रावण) जायला हवा, नुसत्या सलाइनमध्ये ठेवला तर सडतो. आणि द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. ३८ मिलिमीटरची गाठ औषधाच्या इवल्या बाटलीत कोंबून पाठवतात, मग बाहेरून टिकते आणि मधे कुजते. मोठी बाटली आहे का, एवढं विचाराच.

खिडकीजवळची सीट
लेझरने काढा म्हणावं. माझं उरलेलं लेझरनेच काढलं, टाका नाही, रक्त नाही.

दंतकथा
लहान आणि रक्ताळलेल्या गाठीला लेझर झकास. एवढ्या मोठ्या, टणक गाठीला मी सुरीच घेईन. लेझरने कडा भाजतात आणि काचपट्टीसारखे लोक मग 'कड वाचता येत नाही' असा शेरा मारतात. मतभेद आहेत यात, काही सहकारी माझ्याशी भांडतील. खरा मुद्दा हत्यार नाही. मुळाशी हाडावरचा पातळ पापुद्रा आणि दाताभोवतीचे तंतू यांच्यापर्यंत खरवडून काढलं का, आणि शेजारच्या दातांच्या मुळांवरचं कीट साफ केलं का, हा आहे. वरवर छाटली की परत येते. ऑसिफाइंग फायब्रोमा साधारण ८ ते २० टक्के लोकांत परत येतो, जायंट सेलवाला १० टक्क्यांच्या आसपास. जायंट सेल पुन्हा पुन्हा आला किंवा दोन-तीन जागी आला तर रक्तातलं कॅल्शियम आणि गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी बघायची, कारण त्या ग्रंथीच्या बिघाडातही तोंडात अशीच गाठ येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात.

अजून एक, लिहायचं राहिलं होतं. गाठीवर बोट ठेवल्यावर नाडीसारखे ठोके लागत असतील तर दवाखान्यातल्या खुर्चीवर तिला कुणीही सुरी लावू नये. ती रक्तवाहिन्यांची गुंतवळ असू शकते, आधी स्कॅन.

मध्यरात्रीचा सूर्य
बाळांना पण होतं का? भाचीला जन्मतःच वरच्या हिरडीवर गोल गुलाबी गोळा होता, तोंडाबाहेर डोकावत होता. प्रसूतीच्या खोलीत सगळे गप्प झाले होते, बहीण अजून त्या शांततेबद्दल बोलते. तिसऱ्या दिवशी काढला. आता भाची आठ वर्षांची आहे, अखंड बडबडते.

काचपट्टी
जन्मजात एप्युलिस. नॉयमान यांनी १८७१ मध्ये नोंदवलेली. मुलींमध्ये मुलांच्या आठ-दहापट, आणि बहुतेक वरच्याच हिरडीवर. दूध ओढता येत नसेल किंवा श्वास अडत असेल तर लगेच काढतात. लहान असेल तर वाट बघितली तरी आपोआप आक्रसू शकते. आणि मोठ्यांच्या गाठींसारखी ही परत येत नाही, अगदी थोडा भाग मागे राहिला तरी.

निवांत
रक्तदाब १६४/१०० निघाला. डॉक्टरांनी फोनवरच झापलं. गोळी बदलून दिली आहे, स्केलिंगची तारीख घेतली. चिंधी, आभार.

अर्धविराम
मंडळी, काल गाठ काढली. बधिर करायचं इंजेक्शन, मग पाऊण तास. मी आतच बसले होते. कापताना मधेच करकर असा आवाज आला, पाटीवर खडा ओढल्यासारखा. डॉक्टर थांबल्या, परत सुरी फिरवली, परत करकर. म्हणाल्या, "आत हाड आहे." मावशीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला कोण आनंद झाला, कारण दंतकथाताईंनी 'हाडाचे कण' लिहिलेलं आठवत होतं. तिला काय माहीत, ती घाबरून माझं मनगट धरून बसली, अजून वळ आहेत.

बाटली मोठी होती. विचारलं मी. डॉक्टरांनी भुवया वर केल्या.

काचपट्टी
शाब्बास. करकर ऐकू आली असेल तर रिपोर्टला दोन-चार दिवस जास्त लागतील हे धरून चाला. हाड असलेला तुकडा आधी आम्लात मऊ करावा लागतो, नाहीतर आमचं पातं जातं. उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईट निघालं असं समजू नका.

अर्धविराम
बरं झालं सांगितलंत. आठवा दिवस आहे आणि आमच्या घरात तेच चाललं होतं.

अर्धविराम
रिपोर्ट आला. पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा. खाली लिहिलंय, 'घातक बदल दिसत नाहीत'. तेवढी एक ओळ मावशीने चार वेळा वाचायला लावली.

काचपट्टी
उत्तम! वय जरा जास्त आहे, ही गाठ बहुधा दहा ते वीस या वयात भेटते. पण बाई, वरची हिरडी, पुढचे दात, हे सगळं जमतंय.

उंटावरचा शहाणा
मनापासून आनंद झाला. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

आगाऊ_कार्टं
नोंद घेण्यात आली आहे. स्क्रीनशॉटही.

अर्धविराम
दंतकथाताई, शेवटचा प्रश्न. सरकलेले दात जवळ येतील का? आणि परत दाखवायचं कधी?

दंतकथा
थोडे आपणहून येतात, ओठांचा दाब असतो ना. तीन-चार महिने वाट बघा, उरलेली फट खटकली तर तारा. दाखवायचं सहा महिन्यांत दोनदा तरी, पहिल्या वर्षी टाळाटाळ नको, परत येणारी बहुधा त्याच सुमाराला डोकं वर काढते. जागा तीच असते, त्याच फटीत पुन्हा बारीक दाणा. यावेळी दाणा असतानाच या म्हणावं.

अर्धविराम
सांगते. बाकी ती मजेत आहे. मात्र अजून हात तोंडाकडे जातोच. काल दुसऱ्या खोलीत एकटीच फोनवर हसत होती, तरी हात वरच.

बोळकं
मी पण जाऊन आलो. कवळी रद्द झाली. घड्या जरा बसू देत, मग नवीन माप घेऊ म्हणाले. तोवर पंधरा दिवस वरचं काही नाही. नातू म्हणतो, आजोबा आता असेच राहा, वाटी रिकामी छान दिसते.